कानसरावांची घट

कानसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवलं नसतं, कारण ती त्यांना 'अहो' म्हणायची आणि उरलेलं सगळं जग 'कानसराव'. दागिन्यांच्या कारखान्यात त्यांचं काम कानस चालवण्याचं. ओतून आलेली अंगठी खडबडीत असते. तिच्या कडा घासायच्या, तिला गोलाई आणायची आणि चकाकी देणाऱ्याकडे सरकवायची. पण नाव नुसतं हत्यारावरून पडलेलं नव्हतं, माणसाचा स्वभावच तसा होता. एखादी गोष्ट हाती लागली की ती पार गुळगुळीत होईपर्यंत घासत बसायचं. 'काल बस उशिरा आली' एवढं सांगायला ते परवाच्या बसपासून सुरुवात करत, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड झाल्यावर म्हणत, 'म्हणजे तशी फार उशिरा नव्हती म्हणा.' झालं! स्वतः सांगितलेलं स्वतःच घासून सपाट. त्यांचा होकारही कधी ठाम नसे आणि नकारही. अशा माणसावर चोरीचा आळ येऊ नये. कारण आळ आला की माणसाला दुसरं काही जमलं नाही तरी 'नाही' हा एक शब्द खणखणीत म्हणता यायला हवा.

आणि आळ नेमका त्यांच्यावरच आला.

सोन्याच्या कामात घट असतेच. सकाळी प्रत्येकाला सोनं तोलून देतात, संध्याकाळी झालेलं काम आणि मेजावरचा कीस तोलून परत घेतात, आणि दोन्हींत थोडा फरक पडतो. ती घट. कण उडतात, जमिनीवर पडतात, नखांत शिरतात, केसांत बसतात. म्हणून तर कारखान्याचा केर कोणी फेकत नाही, हात धुतलेलं पाणी कोणी ओतून देत नाही, आणि हात पुसायची फडकी जुनी झाली की ती जाळून त्यांची राख वितळवतात. मोठे मालक होते तोवर सगळ्या कारखान्याची घट एकत्र धरली जायची. ते गेल्यावर त्यांची लेक कारभार बघू लागली. तिला सगळे 'बाई' म्हणत. बाईंनी सांगितलं, प्रत्येक मेजाची घट वेगळी काढा. हिवाळाभर ती वेगळी निघत होती आणि सगळं ठीक होतं. मग काट्यावर बसणारा माणूस तापाने आजारी पडला, त्याच्या जागी बाई स्वतः तोलायला बसल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी कानसरावांच्या मेजाची घट इतरांच्या दुपटीहून जास्त भरली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्याही.

बाईंनी त्यांना वर बोलावलं. वरची खोली काचेची होती, म्हणजे खाली काम करणाऱ्या सगळ्यांना आत काय चाललंय ते दिसायचं, ऐकू मात्र यायचं नाही.

"रोज तुमच्याच मेजावर का?" बाईंनी विचारलं.

"तेच म्हणतो मी," कानसराव म्हणाले. "माझ्याच का?"

"कानसराव, सरळ विचारते. तुम्ही घेतलंत का?"

दुसरा कोणी असता तर टेबलावर हात आपटला असता, बाईंच्या वडिलांच्या वेळपासूनच्या नोकरीचा हवाला दिला असता, डोळ्यांत पाणी आणलं असतं. कानसराव विचारात पडले. सोनं खरंच कमी भरत होतं. बाई खोटं कशाला बोलतील? काटा तर मुळीच खोटं बोलत नाही. मग ते कुठेतरी गेलंच असणार, आणि त्यांच्याच मेजावरून गेलं असणार. आता त्या मेजावर त्यांच्याशिवाय बसतं कोण? हे सगळं नीट घासून पाहिल्यावर ते म्हणाले, "माझ्या माहितीत तरी नाही."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. पण काय चुकलं ते कळेना, म्हणून त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. "म्हणजे मला आठवतंय तेवढ्यात तरी नाही."

"पोलिसांत मी जाणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट त्या दमलेल्या वाटत होत्या. "बाबांच्या वेळचे आहात. पण उद्यापासून येऊ नका."

"बरं," कानसराव म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "ती एक अंगठी अर्धी झालीय. ती कोणाकडे देऊ?"

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. बायकोला माहेरी सगळे 'थोरली' म्हणत, आणि ती होतीही तशीच, सगळ्यांवर वचक असलेली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ती जी भडकली!

"अहो, नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? दोन अक्षरं! नाही!"

"म्हणालो की. माहितीत नाही म्हणालो."

"माहितीत नाही म्हणजे काय? चोरी काय तुम्ही तुमच्या नकळत करणार होता?"

"तेच तर कळत नाहीये," कानसराव म्हणाले आणि बूट न काढताच पलंगावर बसले.

पुढचे काही दिवस त्या घरात जे चाललं ते पाहून एखाद्याला हसू आलं असतं, पण मला येत नाही. कानसरावांनी स्वतःच्या घराची झडती घेतली. सगळ्या पँटचे खिसे उलटे केले, बुटांचे तळवे काढून पाहिले, कंगवा पांढऱ्या कागदावर झटकला, नखं कापून ती भिंगाखाली धरली. काही नाही. मग ते स्वतःच्या मनाची झडती घेऊ लागले, आणि ते काम जास्त वाईट होतं. कधी मनात आलं होतं का? एखादी जड अंगठी घासताना, एवढं आपल्याकडे असतं तर, असं कधी वाटलं होतं का? वाटलं होतं. कोणाला वाटत नाही? पण वाटणं आणि घेणं यांच्यामधली रेघ आपण कधी ओलांडली तर नाही ना, आणि ओलांडून विसरलो तर नाही ना? एका सकाळी दाढी करताना अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, मी झोपेत उठून चालतो का?"

"तुम्ही जागेपणी हाक मारून उठत नाही, झोपेत कुठले उठताय!" थोरली म्हणाली. पण तिने हातातलं काम थांबवून नवऱ्याकडे नीट पाहिलं. नोकरी गेली ते एक वेळ ती सोसणार होती. पण हा माणूस आता स्वतःलाच चोर ठरवून मोकळा होणार होता, आणि त्याला अडवायचं कसं हे तिला समजत नव्हतं.

कानसरावांना काय हवं होतं ते त्यांनी तिला सांगितलंही. "कामाचं काय, काम मिळेल कुठे तरी. पण तिथल्या एका तरी माणसाने म्हणायला हवं, की कानसरावांनी घेतलं नाही. मी म्हणून उपयोग नाही. मला कुठे नक्की माहितीय?"

असं म्हणू शकेल असा माणूस कारखान्यात एकच होता, आणि तो होता त्यांचा साडू. थोरलीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोच तो काट्यावर बसणारा. कानसरावांनीच त्याला तिथे चिकटवलं होतं आणि तो स्वतःच्या हुशारीने काट्यापर्यंत पोहोचला होता. दोघं दुपारचा चहा एकत्र घेत, एकमेकांच्या सासुरवाडीची यथेच्छ थट्टा करत, आणि सासुरवाडी एकच असल्यामुळे थट्टेत कधी मतभेद होत नसत. पण या प्रकारानंतर साडू एकदाही घरी फिरकला नव्हता. 'अंगात अजून कणकण आहे' असा धाकटीचा निरोप आला होता. निरोप देताना धाकटी बहिणीशी नेहमीसारखं लांबण लावून बोलली नव्हती, हे थोरलीच्या लक्षात आलं होतं.

आणि मग एक दिवस सकाळी सोनं सापडलं.

झालं असं की कानसराव खिडकीत ऊन खात बसले होते. रिकाम्या माणसाला दुसरं काम काय! अंगात स्वेटर होता. हिवाळा सुरू होताना थोरलीने तो विणला होता, कारण त्यांचं मेज कारखान्यात खिडकीला लागून होतं आणि खोकला हटत नव्हता. लोकर मऊ, केसाळ. मापात मात्र काहीतरी चुकलं होतं आणि बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाला वाढत्या अंगाचा स्वेटर, म्हणून साडूने थट्टाही केली होती. कारखान्याचा एप्रन त्यावरून घालता यायचा, पण एप्रनला बाह्या नसतात. स्वेटरच्या बाह्या दिवसभर मेजावर, कानशीच्या खाली.

मनगटाजवळच्या लोकरीत काहीतरी चमकलं. कानसरावांनी हात हलवला, चमक गेली. पुन्हा हलवला, पुन्हा आली. त्यांनी भिंग आणलं. लोकरीच्या धाग्याधाग्यात पिवळे बारीक कण बसलेले होते, नेहमी मेजावर दिसणारे, ओळखीचे.

"अगं ए! सापडलं! अगं हे बघ, सापडलं!" त्यांचा जीव एकदम भांड्यात पडला. ते लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. "मी घेतलंच नव्हतं! ते आपोआप येत होतं!"

थोरलीनेही भिंगातून पाहिलं. तीही हसली, अगदी मनापासून. मग हळूहळू तिचं हसू विरत गेलं.

"अहो, पण म्हणजे सोनं आपल्या घरात होतं."

"हो ना!"

"म्हणजे बाईंचं बरोबर होतं."

कानसरावांचे पुढे केलेले हात खाली आले. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते घेऊन बाईंकडे गेलं तर आपण निर्दोष ठरतो की पकडले जातो? त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "आणि दर रविवारी मी हा स्वेटर गॅलरीत नेऊन चांगला धपाधपा झटकत होते. धूळ म्हणून." दोघांनी गॅलरीतून खाली पाहिलं. खाली रस्त्यावरून माणसं आपल्या नादात चालली होती.

"पण मला एक सांगा," थोरली म्हणाली, "तुमच्याकडे निघताना कपडे झटकायला नाही का लावत? तुम्हीच सांगायचात ना, दारात चटई असते, हात झटकायचे, डोकं परातीवर विंचरायचं."

"लावतात. सगळ्यांना लावतात."

"मग?"

"मला तो लावत नाही." कानसराव थांबले. "काट्यावाला दारात उभा राहून बघतो सगळ्यांचं. माझी पाळी आली की म्हणतो, तुम्ही जा हो दादा. मी थोरला साडू ना. त्याला बरं दिसत नाही माझ्या बाह्या झाडायला. पहिल्या दिवसापासून तसंच आहे. पूर्वी साधा शर्ट असायचा, त्याला काय चिकटणार? त्याच्या आजारपणातही मी आपला सवयीने तसाच निघून यायचो."

थोरलीने कपाळाला हात लावला. एवढ्या साध्या गोष्टीने घात केला होता, आणि तीही मानापानाची! हे साडूने बाईंना सांगितलं की मिटलंच की सगळं. दुसऱ्या कोणाची साक्ष काढायला नको. त्याच दुपारी कानसराव स्वेटर कागदात गुंडाळून साडूच्या घरी गेले.

दार धाकटीने उघडलं. "या दादा," म्हणाली आणि आत निघून गेली. तिने बसा म्हटलं नाही, तरी कानसराव बसले. साडू बाहेर आला. ताप कधीच उतरला होता हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

कानसरावांनी स्वेटर उलगडला आणि सांगायला सुरुवात केली. साडू ऐकत होता, पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा जो बदलत गेला तो कानसरावांना समजेना. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो तर खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे तुम्ही घेत नव्हता?" तो म्हणाला.

"नव्हतो ना! तेच तर सांगतोय."

"दादा, मला वाटलं होतं तुम्ही घेताय."

साडू भडाभडा बोलू लागला. हिवाळा लागला तेव्हापासूनच त्याच्या काट्याला ते दिसत होतं. थोरल्या ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन तेव्हाच झालं होतं. त्याला वाटलं, माणूस पैशांच्या अडचणीत आहे, विचारलं तर त्याची मान खाली जाईल. म्हणून तो कानसरावांची जास्तीची घट रोज थोडी थोडी दुसऱ्यांच्या मेजांवर वाटून दाखवत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो आजारी पडला नसता तर अजूनही आलं नसतं.

"अरे, पण मला विचारायचंस!"

"कसं विचारणार दादा? तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

"आणि नाही म्हणालो असतो तर?"

"तुम्ही कुठे कधी नाही म्हणता!" साडू म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळला.

कानसरावांना राग आला होता का? आला असावा, पण तो कुठे न्यायचा ते त्यांना उमगेना. सबंध हिवाळा या माणसाने आपल्याला चोर समजून आपल्याबरोबर चहा घेतला. हसला, थट्टा केली, आणि संध्याकाळी आपली नोकरी पणाला लावून आपली चोरी लपवली. चोरी नव्हतीच, पण त्याने तर लपवली. हे माणसाने उपकार म्हणून घ्यायचं की अपमान म्हणून? सख्ख्या भावानेही एवढं केलं नसतं. आणि सख्ख्या भावाने असा संशयही घेतला नसता.

"बरं, ते राहू दे," ते शेवटी म्हणाले. "तू बाईंना एवढंच सांग, की मला झटकायला लावत नव्हतास. घट वाटून टाकायचास ते नको सांगू. ते कोणी विचारलेलं नाही."

साडूने डोळे पुसले. "उद्या सकाळी स्वेटर घेऊन या. पुढचं मी सांभाळतो."

सकाळी काचेच्या खोलीत चार माणसं होती. बाई, कानसराव, साडू, आणि सोनं ओतणारा म्हातारा कारागीर, कारण जाळायचं काम त्याचं. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, नुसत्या बाह्या पुरे, बाकीचा एप्रनखालीच असणार. कात्रीने दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या. थोरलीचं एवढं विणकाम कराकरा कापलं जाताना कानसरावांना कसंसंच झालं. म्हाताऱ्याने बाह्या जाळल्या, राख सोनं वितळवायच्या मुशीत घातली, वर मळ सुटावा म्हणून टाकणखार टाकला आणि ज्योत लावली. खोलीत जळक्या लोकरीचा वास भरला. सगळं निवल्यावर मुशीच्या तळाशी मोहरीहून जराशी मोठी पिवळी गोळी निघाली.

"निघालं," म्हातारा म्हणाला आणि बाजूला झाला.

बाईंनी गोळी चिमट्याने उचलून तोलली. "हे फारच थोडं आहे, कानसराव."

"बाकीचं गॅलरीतून गेलं," कानसराव म्हणाले आणि रविवारची हकीकत सांगू लागले. धूळ कशी असते, बायको कशी झटकते, वारा कोणत्या बाजूचा असतो. सांगताना त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं, म्हणून त्यांनी आणखी तपशील घातले, आणि तसतसं ते जास्तच खोटं वाटू लागलं.

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मला खरंच समजत नाही. तुम्ही आपणहून आणून दिलंत हे धरायचं, की ते तुमच्या घरी होतं हे धरायचं?"

"मलाही तेच समजत नाही बाई."

"एकच सांगा. दारात सगळे झटकतात. मग बाहीत एवढं राहिलंच कसं?"

कानसरावांना हायसं वाटलं. याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. "मी झटकत नव्हतो. हा मला लावायचा नाही. थोरला साडू आहे ना मी त्याचा, त्याला संकोच वाटायचा. विचारा त्याला."

बाई साडूकडे वळल्या. "खरं आहे? त्यांना तुम्ही तसंच सोडत होता? सबंध हिवाळा?"

साडूने आधी बाईंकडे पाहिलं, मग काचेतून खाली. खाली सगळ्यांनी काम थांबवून माना वर केल्या होत्या. तो हो म्हणाला असता तर काट्यावरची त्याची जागा तिथल्या तिथे गेली असती, आणि पुढचा प्रश्न निघाला असता की मग तुझ्या काट्याला हे कधीच कसं दिसलं नाही.

"नाही बाई," तो म्हणाला. "झटकायचे ना. रोज. सगळ्यांसारखे."

कानसराव त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा आवाज इतका सरळ होता की त्यांना क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल. झटकत होतो की काय आपण? त्यांनी आठवून पाहिलं. ती चटई, ती परात. एकदा परातीवर वाकल्याचं त्यांना खरोखर आठवलं. कधी होतं ते? आणि कानसरावांचा स्वभाव असा की आठवलं ते पोटात ठेवणार नाहीत.

"एकदा झटकलं होतं बहुतेक," ते म्हणाले. "मोठे मालक होते तेव्हा."

"एकदा म्हणजे?" बाईंनी विचारलं. "तुम्ही आत्ताच म्हणालात, झटकत नव्हतो."

"म्हणजे, तसा नव्हतोच."

बाईंनी गोळी एका छोट्या डबीत ठेवून झाकण लावलं. "मिळालं तेवढं मिळालं. मी बाहेर कुठे काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. पण कामावर घेता येणार नाही." बाह्या नसलेला स्वेटर त्यांनी कानसरावांपुढे सरकवला. "हा घेऊन जा."

बाहेर थंडी होती, तेव्हा कानसरावांनी तो तसाच शर्टावर चढवला आणि जिना उतरू लागले. मधल्या वळणावर मागून धावत पावलं आली.

"दादा!" साडूला धाप लागली होती. "दादा, माझी पोरं लहान आहेत हो."

"हो रे. मला माहीत नाही का?"

"मला सुचलंच नाही काही. बाईंनी एकदम विचारलं..."

"मला एक सांग," कानसराव म्हणाले. त्यांनी साडूचा दंड धरला. "आता तुला काय वाटतं? मी घेतलं होतं?"

"नाही हो दादा! पोरांची शपथ, तुम्ही घेतलं नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. तुम्ही एक कणसुद्धा घेतला नाही." साडू रडत होता.

आणि कानसरावांना काय झालं ते त्यांचं त्यांनाच समजलं नाही, त्यांना आनंद झाला. कारखान्यातला एक माणूस अखेर ते म्हणाला होता. इतके दिवस ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य ऐकायला मिळालं होतं, तेही शपथेवर. त्यांनी साडूच्या पाठीवर थोपटलं, 'जा, वर जा, बाई शोधतील' म्हणाले आणि झपाझप घरी आले. वाटेत त्यांना बसदेखील सुचली नाही.

थोरली दारातच होती. तिने आधी शर्टाच्या उघड्या पडलेल्या बाह्या पाहिल्या, मग खांद्यापाशी सुटलेले लोकरीचे धागे.

"काय झालं?"

"साडू म्हणाला!" कानसराव म्हणाले. "मी घेतलं नाही म्हणाला. एक कणसुद्धा नाही. पोरांची शपथ घेऊन म्हणाला गं!"

थोरलीने डोळे मिटून घेतले. "सुटलो एकदाचे. आणि मग बाई काय म्हणाल्या?"

"बाई नव्हत्या तिथे."

"नव्हत्या म्हणजे? कुठे म्हणाला तो हे?"

"जिन्यात."

थोरलीने डोळे उघडले. कानसरावांनी मग सगळं सांगितलं, नेहमीसारखं लांबण न लावता, जसं घडलं तसं. गोळी निघाली ते, बाईंनी विचारलं ते, साडू काय म्हणाला ते. तिने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचा एक सुटा धागा हातात घेतला आणि ती तो बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"चोर समजत होता तोवर सांभाळलं," ती म्हणाली. "आणि नाही हे कळल्यावर बुडवलं."

कानसरावांनी हे वाक्य मनात घोळवून पाहिलं. ते त्यांना कुठूनच घासता येईना.

"पण म्हणाला ना?" त्यांनी विचारलं. "जिन्यात का होईना, म्हणाला ना गं तो?"

"हो," थोरली म्हणाली. "म्हणाला." आणि त्यांना दिसू नये म्हणून तिने मान वळवली.